दोन कार्डांचे मानपान

डोंगरकड्यात केळी पिकतात, हे मराठवाड्याला ठाऊक आहे. लग्नसराईत तिथे डीजेही उगवतात, हे मात्र वरातीच्या वाटेवर घर असल्याशिवाय कळत नाही. आमच्या पुतण्याने यंदा त्यात उडी घेतली. भांडवल म्हणजे लिनक्सवर चालणारा जुना लॅपटॉप, उधारीचे बेस आणि ‘मिक्स’ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर. त्याच्या इंग्रजी नावात शेवटी एक्स तीनदा येतो, म्हणून घरात आधी त्याचीच चौकशी झाली.

“आन् लिनक्स कामून रे?”

“तेबी फुकटच हाय, काका.”

डीजेला आवाजाच्या दोन वाटा लागतात. एकीतून चालू गाणं बेसकडे जातं, दुसरीतून पुढचं गाणं फक्त त्याच्या हेडफोनात. चार वाहिन्यांचं एकच साउंड कार्ड घेतलं की भानगड मिटते, पण ते घ्यायला पैसे लागतात. म्हणून लॅपटॉपचं अंगचं एक कार्ड आणि यूएसबीचं स्वस्तातलं दुसरं, असे दोन व्याही एका मांडवात आले. लिनक्समध्ये आवाजाचा कारभार ‘आल्सा’कडे. जो आधी हजर होईल त्याला तो शून्य नंबर देतो, मागून येणाऱ्याला एक. काल पहिला मान ज्याचा, आज तो दुसऱ्या पाटावर! वायरी मात्र कालच्याच जागी.

व्हायचं तेच झालं. मारुतीच्या देवळापाशी बेसमधून हेडफोनातलं गाणं सुरू झालं: अर्धी ओळ, मागे, पुन्हा अर्धी ओळ. वरबाप म्हणाले, “गाणं अटकलं का रे?” पोरांनी त्याला रिमिक्स समजून वन्समोअर घेतला.

मग ‘मॉडप्रोब’च्या फायलीत कोणतं कार्ड कितवं, हे कायमचं लिहून टाकलं. रुसवा संपला. वेळेचं भांडण उरलंच. प्रत्येक कार्डाचं क्वार्ट्झचं घड्याळ वेगळं. सेकंदाला 44,100 नमुने दोघंही मोजतात, पण एकाचा सेकंद दुसऱ्याच्या सेकंदाशी तंतोतंत जुळत नाही. वरात लांबली की अंतर वाढतं आणि मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो. मुहूर्तच तासभर उशिरा लागणाऱ्या मांडवात ते कोणाला ऐकू येणार?

रात्री दहाचं घड्याळ मात्र सगळ्यांचं एकच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. तेव्हा आमच्याकडे सुपारी देणाऱ्यांनी वरात कृपया सातलाच काढावी. दोन्ही कार्डं हजर व्हायला जरा वेळ लागतो.