उपयुक्त आणि उपद्रवी

गटकार्याला माझा विरोध कधीच नव्हता. मुलं आपापसांत बोलून शिकणार असतील, तर तेवढा वेळ माझ्या आवाजाचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. हा आवाज साधा नाही. प्रभातफेरीच्या घोषणा, पंधरा ऑगस्टचं ‘सावधान’, संमेलनाचं सूत्रसंचालन, सगळं माइकशिवाय होतं. नववी ‘ब’मध्ये मी ‘जडत्व’ म्हणालो की भिंतीपलीकडे दहावी ‘अ’ची उजळणी होते, असं निदान माझं तरी मत आहे. दहावी ‘अ’ला गणित शिकवणाऱ्या सरांचं मत वेगळं आहे, पण त्यांचा आवाज लहान असल्यामुळे ते फारसं पसरलेलं नाही.

आणि प्रशिक्षणात सुलभक सांगतात, ‘शिक्षकाने कमी बोलावं.’ हे ते सलग दोन तास बोलून सांगतात.

मग ‘एक ते सहा आकडे म्हणा’ होतं. आकडे म्हणायच्या आधीच अनुभवी मंडळी खुर्च्या अशा सरकवून घेतात की दोस्त बरोबर आपल्याच गटात यावा. गटांना नद्यांची नावं मिळतात. आमच्या ‘इंद्रायणी’त एक मॅडम, अक्षर चांगलं म्हणून, गुडघे टेकून चार्टवर लिहीत होत्या. एक सर भाचीच्या लग्नासाठी मंगल कार्यालय शोधत होते. दोघं वेतन आयोगाच्या थकबाकीचा हिशेब मांडत होते आणि एकजण चहा कुठवर आला ते बघायला गेला होता. मी काहीच करत नव्हतो, कारण सादरीकरण मी करणार होतो आणि आवाज राखून ठेवणं भाग होतं. टाळ्या मलाच मिळाल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी बजावलं, “गटात सगळ्यांनी काम करायचं हं!”

मुलं हुशार. त्यांनी हुबेहूब इंद्रायणी केली.

यावर विज्ञान काय म्हणतं ते सांगतो, म्हणजे मी विज्ञानाचा शिक्षक आहे हेही लक्षात राहील. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि 1913 साली ते आकडे छापले. आठ माणसं एकत्र ओढू लागली की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर त्याच्या एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर येत होता. पुढे 1979 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत लाताने नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी दोर सोडून टाळ्या नि आरडाओरडा मोजला. सहा जणांचा मिळून आवाज त्यांच्या एकेकट्या आवाजांच्या बेरजेच्या निम्माही भरेना. गंमत पुढेच आहे. डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावून एकट्याच माणसाला ‘तुझ्याबरोबर बाकीचेही ओरडताहेत’ असं सांगितलं, तरी तो पठ्ठ्या हळूच ओरडला.

यासाठी ओहायोपर्यंत जायची गरज नव्हती. आमच्या गल्लीतल्या गणपतीला आले असते तरी चाललं असतं. पहिल्या आरतीला मांडव दणाणतो. दुसरीला पहिलं कडवं जोरात, मग ‘ऊंऊं’ आणि ध्रुवपदाला पुन्हा सगळे ताजेतवाने. तिसऱ्या आरतीला शब्दांचा भार तिघाचौघांवर येतो, बाकीचे टाळ्यांनी भरपाई करतात. देवीच्या आरतीला टाळ्याही ताल सोडतात, कारण लक्ष खिरापतीच्या पातेल्याकडे जातं. झांज ज्याच्या हाती असते तो सर्वांत सुरक्षित. त्याला शब्द यावेत अशी कुणाची अपेक्षाच नसते. आणि मंत्रपुष्पांजली! तिथे शंभर माणसं हातात फुलं घेऊन अत्यंत भाविकपणे ओठ हलवतात आणि आवाज कोपऱ्यातल्या जोशीकाकूंचा एकटीचा येतो. मी त्या शंभरांत असतो. शेवटचा लांबलचक स्वर तेवढा मला पक्का येतो आणि तो मी असा लावतो की सगळी पुष्पांजली मीच म्हटली असं मांडवाबाहेरच्यांना वाटावं. काकू एकदा ताप येऊन घरी राहिल्या, त्या रात्री आमच्या गणपतीने निम्म्या मंत्रावर फुलं स्वीकारली.

वर्गातल्या जोशीकाकूंचं मात्र हसू येत नाही. प्रत्येक गटात अक्षर चांगलं असलेली एक मुलगी असते. चार्ट ती लिहिते, चित्र ती काढते, शेवटी खाली पडलेली कागदाची कात्रणंही तीच गोळा करते. मुलगे सादरीकरण करतात. सहाही जणांना दहापैकी नऊ. घरात जे चालतं त्याचीच आम्ही वर्गात तालीम घेतो आणि वर प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढे ‘जबाबदार व सहकार्याची वृत्ती’ असा शेरा मारतो. एका मुलीने मला विचारलं होतं, “सर, मी एकटीने केलं तर चालेल का? वेळ वाचेल.” याचं उत्तर कुठल्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत नाही.

पण टेक्सासात आहे. 1971 मध्ये ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन घरांतली मुलं नव्यानेच एका वर्गात बसू लागली होती आणि एकमेकांच्या उरावर बसत होती. एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचेच तुकडे केले. एका मुलाला एकच तुकडा. बाकीचा धडा हवा असेल तर शेजाऱ्याचं ऐकून घ्या, दुसरा रस्ता नाही. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर आणि ज्याची त्याची. ऐतखाऊला लपायला जागा नाही आणि हुशार मुलीला सगळं ओढायची सोय नाही. हे वाचलं तेव्हा मला पटलं. शिवाय ते स्टाफरूममध्ये सांगताना छान वाटतं.

आमच्याकडे बाकावर तिघं. पुढच्या बाकाने मागे वळायचं की सहाचा गट तयार. नववीचा ‘उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीव’ हा धडा घेतला. (हे नाव ऐकून मुलांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, असा वर्ग मी अजून पाहिलेला नाही.) सहा चिठ्ठ्या केल्या: लॅक्टोबॅसिलाय, यीस्ट, पेनिसिलिअम, क्लॉस्ट्रिडिअम वगैरे. रायझोबिअमची चिठ्ठी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला आली. आईबाप ऊसतोडीला गेले की हा आजीजवळ राहतो. हजेरीला ‘हजर’ म्हणतो, तेवढाच त्याचा आवाज मला माहीत होता.

तो पुस्तकातलं दीड वाक्य अडखळत वाचून थांबला. एकजण हसला. अक्षरवाली मुलगी म्हणाली, “हसू नको, उद्या पेपरात तुलाच लागणार आहे.” मग त्याला म्हणाली, “तुमच्यात सोयाबीन असतं ना? तसं सांग.”

तो सांगू लागला. पेरायच्या आधी बियाण्याला जिवाणू चोळतेत. मग फुलोऱ्याच्या टायमाला झाड उपटून बघायचं. मुळाला गाठी असतेत. गाठ नखानं फोडायची. आतून लालसर निघाली तर ती कामाची. पांढरी नाहीतर हिरवी निघाली तर ती नुसती बसून खाती.

‘बसून खाती’ला गटातल्या पाच जणांनी वळून एकाकडेच पाहिलं. तो झांजवाला.

मी मागेच उभा होतो. लालसर! म्हणजे लेगहिमोग्लोबिन! आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा वनस्पतीतला भाऊबंद! गाठीतल्या ऑक्सिजनवर पहारा ठेवणारा! हे पुस्तकात नाही, मला येतं, आणि आवाज तर तयारच होता. मी घसा खाकरून “याचं कारण असं की” एवढं म्हणालोही.

“सर,” ती मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, “त्याचं होऊ द्या ना. तुम्ही जरा त्या गटाकडे जा.”

मी त्या गटाकडे गेलो. तिथे यीस्टवर वाद चालला होता आणि माझी गरज नव्हती. तिसऱ्या गटात एकाने मला सरकून जागा करून दिली, पण प्रश्न विचारला नाही.

लेगहिमोग्लोबिन काही पोटात राहीना. मधल्या सुट्टीत ते मी हिंदीच्या मॅडमना सांगितलं, आकृतीसकट. डब्याचं झाकण बाजूला ठेवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे परीक्षेला आहे का?”