फिरकीचं पिस्तूल

आमच्या यवतमाळातल्या शेजारच्या वामनभाऊंसोबत क्रांतिकारकांवरचा सिनेमा पाहू नये. 21 डिसेंबर 1909, नाशिकचं विजयानंद थिएटर, 'शारदा'चा प्रयोग. कलेक्टर जॅक्सन आत येतो, अनंत कान्हेरे हात उचलतो अन् भाऊ सोफ्यावरून उठतात. "अबे, हे चक्रीचं रिव्हॉल्वर कुठून आणलं? कान्हेरेकडं ब्राउनिंग होतं! त्याची काडतुसं मुठीत भरतात, फिरत नाही त्यात काही!"

खरंच होतं त्यांचं. लंडनहून सावरकरांनी चोरून धाडलेल्या 20 ब्राउनिंगांपैकीच ते एक.

फक्त जेमतेम 18 वर्षांच्या कान्हेरेच्या जागी पडद्यावर चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला नायक उभा होता. त्यावर भाऊ चकार शब्द बोलले नाहीत. नायक त्यांच्या आवडीचा ना!