एकाच भट्टीच्या दोन बाटल्या

सिंगल माल्ट व्हिस्कीची तुलना करायला बसलेली मंडळी बहुतेक वेळा किमतीची तुलना करत असतात. बाटली महाग आहे हे आधी कळतं, मग तिच्यात मध, मनुका आणि जुन्या कातडी खुर्चीचा वास सापडू लागतो. (कातडी खुर्चीचा वास आपल्यापैकी कोणी कधी घेतलाय, हे विचारायचं नसतं. बैठक मोडते.)

म्हणून मला टोबरमोरी आवडते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मल नावाचं बेट आहे. नावाला हसू नका. त्यावरचं टोबरमोरी हे मुख्य गाव. बंदराकाठी लाल, पिवळी, निळी घरं आणि त्यांच्या एका टोकाला ही डिस्टिलरी. जॉन सिंक्लेअर नावाच्या व्यापाऱ्याने १७९८ साली काढलेली. १९३०मध्ये बंद पडली ती थेट १९७२पर्यंत. पुढेही कधी चालू, कधी बंद. माल बराचसा दुसऱ्यांच्या ब्लेंडमध्ये जायचा, त्यामुळे नाव कुणाच्या तोंडी नाही. मधल्या हलाखीत तिचं जुनं गोदाम विकलं गेलं आणि त्याचे फ्लॅट झाले. हे कळल्यावर कुठल्याही पुणेकराला त्या गावाबद्दल एकदम आपुलकी वाटावी. गावासमोरच्या खाडीत १५८८ साली स्पॅनिश आरमाराचं एक जहाज बुडालं. त्यात सोनं होतं म्हणे, आणि लोक शतकानुशतकं त्यासाठी बुड्या मारत आले. खजिना काही हाती लागला नाही.

पण माझा जीव जडलाय तो दुसऱ्याच कारणासाठी. ही डिस्टिलरी त्याच चार तांब्याच्या भट्ट्यांतून दोन वेगळ्या व्हिस्की काढते. बिनधुराची ती टोबरमोरी आणि धुराची ती लेडचिग. (बाटलीवरचं स्पेलिंग वाचून हा उच्चार कोणीही करणार नाही.) दोन्ही ४६.३ टक्क्यांच्याच. मुख्य फरक काय, तर मोड आणलेली बार्ली वाळवताना खाली पीट जाळलं की नाही. पीट म्हणजे पाणथळ जमिनीत हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेलं शेवाळ आणि गवत. त्याचा धूर दाण्याला चिकटतो तो आंबवून, उकळून, वर्षानुवर्षं लाकडी पिंपात कोंडूनही सुटत नाही. बाकी पाणी तेच, भट्टी तीच. अशी जोडी समोर असली तरच तुलनेला अर्थ. नाहीतर दहा नामांकित बाटल्या ओळीने मांडून आपण काय पडताळतो? कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं आपल्यालाही लागतंय का, एवढंच.

या दोघींबद्दल आमच्याकडच्या मंडळींनी काहीच वाचलेलं नव्हतं. त्यामुळे परवा बसलो तेव्हा प्रत्येकाला स्वतःच्या नाकावर विसंबावं लागलं. सुरुवातीला सगळे गप्प. शेजाऱ्यांनी टोबरमोरी हुंगून 'छान आहे' एवढंच सांगितलं. मग जरा धीर करून म्हणाले, "संत्र्याची साल. आणि मागून खारट." शेंगदाण्यांमुळे असेल, अशी शंका त्यांनीच काढली. तेव्हा बशी उचलून आत नेली, पाण्याने चूळ भरायला लावली आणि पुन्हा घोट दिला. खारटपणा होताच.

मेहुण्याने तेवढ्यात आपल्या ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकले. बघता बघता सोनेरी व्हिस्की धुरकट झाली. "भाऊजी, डुप्लिकेट आहे ही!"

डुप्लिकेट नव्हती. व्हिस्कीत तेलकट घटक असतात. गार झालं, पाणी मिसळलं की ते गढूळपणा आणतात. ग्राहक बिचकू नये म्हणून पुष्कळ कंपन्या माल आधीच थंड करून ते घटक गाळून टाकतात. टोबरमोरीवाले गाळत नाहीत. मी हे सगळं समजावून सांगितलं. मेहुणा बाटलीचं सील तपासत होता.

लेडचिगचं बूच उघडलं आणि बायको आतून बाहेर आली. ती घेत नाही, पण तिने ग्लास हातात घेऊन दोनदा हुंगला. "अहो, हा आमच्या वाड्यातला बंब! ओल्या ढलप्या घातल्यावर असाच धूर यायचा. आणि कुणाचं तरी खरचटलंय, त्यावर आयोडीन लावलंय."

मासिकांतून असल्या व्हिस्कीबद्दल धूर, औषध, समुद्र असे शब्द मीही वाचले आहेत. बंबाइतकं नेमकं कुणी लिहिलेलं मला आठवत नाही. शेजाऱ्यांनी लगेच मान डोलावली, तेही वाड्यातलेच. मेहुण्याचा जन्म गीझरनंतरचा, त्यामुळे त्याला फक्त 'काहीतरी जळतंय' एवढंच कळलं. मी दोन थेंब पाणी टाकून दिलं तेव्हा धुराच्या आड गोडी निघाली, तीही त्याने नाखुशीनेच कबूल केली.

मतदान झालं. लेडचिगला बहुमत मिळालं, संपली मात्र टोबरमोरी. निघताना मेहुणा चपला घालता घालता म्हणाला, "भाऊजी, ती जळकी उरलीय ना, तुमच्याकडे कोण पिणार? मी घेऊन जातो."