सेटिंग गेली नाही पाहिजे

मेकॅनिक दारात आला की ज्यांना घरात चोर शिरल्यासारखं वाटतं, त्यांतले आमचे नाना. बोदवडच्या आमच्या गल्लीत मिक्सर, मोटार, कूलर, काहीही बिघडो; नाना पाना घेऊन हजर. वस्तू सुधारलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट नसतो. सुधारली तर सुधारली. पण सेटिंग गेली नाही पाहिजे.

कूलर साफ करायला काढायचा, तर आधी चारही चाकांभोवती खडूने गोल आखायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सगळे खर्चाचं विचारतात, नानांनी डॉक्टरांना विचारलं, "चष्म्याचा नंबर तोच राहील ना?" एदलाबादचं मुक्ताईनगर होऊन जमाना झाला, नाना अजून तिकीट एदलाबादचंच मागतात. कंडक्टरही देतो. आणि त्यांच्या माळ्यावर एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. त्याच्या काचेवर नानींच्या कपाळावरची एक टिकली चिकटवलेली. तिथे काटा आला की रेडिओ सिलोन. दर बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला, म्हणून ती टिकली. रेडिओ मुका झाला. टिकली धुळीसकट जागेवर आहे.

तर अशा माणसाच्या गाडीची बॅटरी एप्रिलात बसली. किल्ली फिरवली की नुसतं टक्. आमच्याकडे पारा ४५ कडे सरकला की बॅटरीतलं पाणी आटतं, आतल्या पट्ट्या झिजतात. तीन-चार वर्षं निघाली तरी नशीब म्हणायचं. दुकानदार घरी येऊन फुकटात बसवून देणार होता. नानांनी बॅटरी ठेवून घेतली आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

"तो काय करतो भो? दोन नट ढिले, जुनी बाहेर, नवी आत. अन् रेडिओची सेटिंग?"

मुद्दा तसा खरा होता, म्हणूनच तर नानांची चीड येते. गाडी बंद असली तरी रेडिओचं घड्याळ आणि बटणांवर साठवलेली स्टेशनं बॅटरीच्या चिमूटभर करंटवर जगत असतात. वायर सुटली की सगळं साफ. त्यावर नानांचा इलाज असा: नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लायटरच्या सॉकेटमध्ये प्लगने जोडायची, म्हणजे तेवढ्या वेळापुरती आठवण शाबूत. फक्त त्यांच्या गाडीत ते सॉकेट किल्ली पहिल्या खटक्यावर असतानाच चालतं. म्हणून कोणीतरी आत बसून प्लग दाबून धरायचा. तो कोणीतरी मी.

मी बसलो. नानांनी बाहेरून दार लावलं आणि मग सांगितलं, "आता दार उघडायचं नाही. आतला दिवा लागला की ती टीचभर बॅटरी खलास. सेटिंग गेली नाही पाहिजे." काचा खाली होत्या म्हणून हे लिहायला उरलो.

बाहेर काम मात्र देखणं चाललं होतं, हे कबूल. दहाच्या पान्याने आधी मायनस सोडली, मग प्लस. प्लसच्या वायरीत आता माझ्या हातातला करंट होता. ती पत्र्याला टेकली तर ठिणगी उडून सगळीच मेहनत वाया, म्हणून तिच्या तोंडाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून वर सुतळी बांधली. क्लॅम्पवर चढलेली पांढरट-हिरवी पुटं खाण्याचा सोडा आणि गरम पाण्याने फसफसवून काढली, नानींच्या दूध तापवायच्या पातेल्यात. नानी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला खिडकीतून ताकाचा ग्लास दिला. नानांनी बॉनेटमागून विचारलं, "दाराला धक्का नाही ना लागला?"

नवी बॅटरी बसली. आधी प्लस, शेवटी मायनस, वर ग्रीसचा हात. घड्याळ मिनिटालाही मागे नव्हतं. नानांनी एक नंबरचं बटण दाबलं. खर्रर्र. दोन नंबर. खर्रर्र. तीन, चार, तेच.

"आहे सगळं जागच्या जागी," नाना म्हणाले.

मग उलगडलं. गाडी मुलाची, पुण्यात वापरलेली. त्याने मोठी घेतली आणि ही वडिलांना दिली. एक नंबरवर पुण्याचं १०१, बाकीची तिथलीच खासगी स्टेशनं. पुणं इथून रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. एफएमचा आवाज त्याच्या पाव अंतरातच दम तोडतो. बोदवडात ती बटणं खरखरीशिवाय काही देणं शक्य नाही. मी म्हटलं, "नाना, एएमवर जाऊन एक नंबरला आपलं जळगावचं ९६३ लावून देऊ?"

नानांनी माझा हात धरला. "अन् तो आला, गाडी काढली, सवयीनं एक नंबर दाबला, अन् शेतीचे बाजारभाव लागले तर? त्याला वाटंल, बापानं आपली गाडी पार खेड्याची करून टाकली."

तो दिवाळीला येतो. बसल्या बसल्या मोबाइल जोडतो, रेडिओकडे बघतही नाही. नाना मागच्या सीटवरून बघत असतात, त्याचं बोट कधी त्या बटणाकडे जातंय का. मी हे स्वतः पाहिलंय, त्यामुळे आता प्लग धरायला बोलावलं तर कुरकुरत का होईना, जातो.

हल्ली मुलगा म्हणतो, ती गाडी विकून टाका. दोन-तीन गिऱ्हाइकं येऊनही गेली. नाना किंमत सांगत नाहीत, कागद दाखवत नाहीत. आधी एवढंच विचारतात, "राहायला कुठं तुम्ही? पुण्याला असाल तर बोलू."