जिभेवरचा चंद्र

अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये 2018 पासून अवकाशातल्या खनिजांचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, थेट पीएच.डी.पर्यंत. दूरदृष्टी असावी तर अशी! खाणीचा पत्ता नाही, पण पदवीधर हजर. माल मात्र येऊ लागलाय. बेन्नू लघुग्रहावरून नासाच्या यानाने 2023 मध्ये 121.6 ग्रॅम खडीमाती आणली. वाण्याच्या भाषेत, अर्धा पाव.

जिथली माती तिथेच वापरा, हे या शास्त्राचं मुख्य सूत्र. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोबरोबर 2020 मध्ये चांद्रमातीच्या नकलेत जिवाणू, युरिया आणि गवारीचा डिंक कालवून विटाही घडवल्या.

बिदरला हाच अभ्यासक्रम काही शतकं विनाअनुदानित चालू आहे. जस्त-तांब्याच्या बिदरी भांड्यावर चांदीची तार ठोकायची, किल्ल्यातली माती नि नवसागर घातलेल्या पाण्यात ते उकळायचं. भांडं काळंभोर होतं, चांदी तशीच लखलखते. माती ऊन-पाऊस न लागलेलीच हवी. ती चांगली की वाईट, हे कारागीर जिभेवर ठेवून सांगतो.

आता ऊन-पाऊस न लागलेली माती चंद्राच्या ध्रुवांवरच्या कायम अंधाऱ्या विवरांत हवी तेवढी. तेव्हा बिदरी कारागिरांचं पथक तातडीने वर धाडावं आणि चाखण्यापुरती हेल्मेटला झडप ठेवावी. कलबुर्गीनेही नाराज होऊ नये. चांद्रतळाच्या ओट्याला तिथली शहाबादी फरशी लागेलच.

अडचण एकच. कारागिराच्या अर्जात पदवीचा रकाना कोरा राहील. त्यावरही तोड आहे: त्याने खालीच थांबावं, आणि त्याच्या जिभेवर कुणीतरी पीएच.डी. करावी. गाइड कोलोरॅडोचा मिळाल्यास उत्तम.