मुद्दे काढलेत का हो?

काय दिवस आले बघा! पूर्वी गोंडपिपरीत माणूस माइकसमोर उभा राहिला की 'मी काही फार मोठा वक्ता नाही' म्हणायचा आणि पुढचा पाऊण तास ते सिद्ध करून दाखवायचा. डुलकी कुठे काढायची, हे आपल्याला पाठ असायचं. आता म्हणे भाषणाला आराखडा लागतो! आधी सुरुवात, मग मधलं, मग शेवट. मधल्यात मुद्दे तीनच, चौथा काढला तर पाप लागतं. ज्या खिशात खर्र्याची पुडी असायची तिथे आता घडी घातलेली चिठ्ठी. हे कुणी सोसायचं?

रोग शाळेतून आला, असा आपला दाट संशय. 3 जानेवारीला सावित्रीबाई, 12 ला जिजाऊ आणि विवेकानंद, 26 ला प्रजासत्ताक दिन. एका महिन्यात पोराची तीन भाषणं, म्हणजे बापाचे तीन आराखडे. पोरगं कितवीत आहे हे धड सांगता न येणारा बाप रात्री अकराला मोबाईलमध्ये डोकं घालून विचारतो, "सुरुवात प्रश्नानं करू का प्रसंगानं?" अहो, आपण काय केलं होतं? 'पूज्य गुरुजनवर्ग'वरून जी उडी मारली ती थेट 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो'वर. मधलं कधी कुणाला आठवलं होतं का?

बरं, शाळेतच राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. पण आता ग्रामसभेत नालीची तक्रार करायला उठलेला माणूसही आधी प्रस्तावना करतो. सेवानिवृत्तीच्या सत्कारात प्रस्तावना, साक्षगंधात प्रस्तावना. शोकसभेत, डोळे पुसता पुसता, "आता मी दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो"! गेलेला माणूस ऐकत असता तर तिसऱ्याची वाट न बघता पुन्हा गेला असता.

हे सगळं अमेरिकेचं खूळ, असं म्हणणारेही आहेत. 1924 मध्ये कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी टोस्टमास्टर्स क्लब काढला. तिथे पाच ते सात मिनिटांचं भाषण, वेळ कळावी म्हणून हिरवा, पिवळा, लाल दिवा, आणि वक्ता किती वेळा 'अं' म्हणतो ते मोजायला एक खास माणूस. आपल्याकडे लावा बरं असे दिवे! लाल दिवा पेटला की वक्ता म्हणेल, "चला, लाइट आली," आणि नव्या दमानं सुरू होईल. 'अं' मोजणाऱ्याचं काय होईल, ते तर विचारूच नका.

आणि आराखड्याचं एवढं कौतुक कशाला हो? कीर्तनकारबुवांनी कधी कोर्स केला होता? नमन, पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मध्ये भजन, बुवांच्या गळ्यात हार, मग उत्तररंगात आख्यान. पेंगणारी म्हातारी नेमकी आख्यानाला जागी होते, हा खरा आराखडा. आता तेच कुणी फळ्यावर चौकोन काढून शिकवलं की आपण वही घेऊन पुढे.

खरी मेख वेगळीच. आराखडा करायचा म्हणजे काय गाळायचं ते ठरवायचं. आणि गाळण्यात हा मुलूख कधी मागे होता? आपल्या जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी, वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर 1993 पासून आजतागायत. तरी मोहफुलाचं काय करायचं, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. पण भाषणातला एक मुद्दा गाळा म्हटलं की यांचा जीव जातो. 1863 मध्ये गेटिसबर्गला एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, लिंकन जेमतेम दोन मिनिटं. जगाला कोण आठवतं? आमचे वक्ते हा किस्सा सांगतात. सांगायला वीस मिनिटं घेतात.

या सगळ्याचा कळस बघायचा तर झाडीपट्टीच्या नाटकाला या. दिवाळीनंतर वडसाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, शंकरपट झाला की रात्री नाटक. पण नाटकाआधी उद्घाटन असतं! हँडबिलावर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख अतिथी. नटांची नावं त्या गर्दीत शोधावी लागतात. घोंगडी पांघरून, पोरं मांडीवर घेऊन बसलेली माणसं एकेकाचे तीन मुद्दे मोजतात. सात पाहुणे, एकवीस मुद्दे. आणि आत रंग लावून बसलेला खलनायक घामानं पुन्हा सज्जन व्हायला लागतो.

हसताय काय? तुमच्या खिशात नाही चिठ्ठी? आरशासमोर हात नाही फिरवून पाहिलात? आपण तर पाहिला. एका गावात 'दोन शब्द' बोलायला बोलावलं, तेव्हा दोन रात्री जागून मुद्दे काढले होते. नंबर आला सहावा. पहिल्यानं झाडीपट्टीची परंपरा नेली, दुसऱ्यानं तरुणाई, तिसऱ्यानं तर लिंकनच उचलला. आपण खाली बसून एकेक ओळ खोडत होतो. माइक हातात आला तेव्हा चिठ्ठीवर शेवटची ओळ तेवढी उरली होती: 'आता नाटक बघू या.'

तीच वाचली. अशी शिट्टी पडली, असा 'वन्स मोअर' आला म्हणता!

मग काय, पुन्हा माइक घेतला आणि लिंकनपासून सुरुवात केली.