चंद्रकळा

हिरियूरपर्यंत माझी गाडी काळी होती. तुमकूर येईतो तिची चंद्रकळा झाली. पिवळे बुट्टे, पांढरे बुट्टे, आणि पदराच्या जागी, म्हणजे नंबरप्लेटवर, कुणाचा तरी अख्खा पंख. पुण्याहून बंगळूर आठशे चाळीस किलोमीटर. तेवढ्या वाटेत मी दोनदा चहा घेतला, दावणगिरीला एकदा लोणी-डोसा खाल्ला आणि काचेवर मिळून काही हजार जीव घेतले. घरी पोचल्यावर ‘ही’ने विचारलं, “प्रवास कसा झाला?” मी म्हटलं, “बॉनेट बघ.” तिने माझ्याकडे बघितलं. बॉनेटकडे ती अजून बघायची आहे.

काळी गाडी घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं. विक्रेता एवढंच म्हणाला होता, “सर, पांढरी काय, सगळेच घेतात.” माझ्यासारख्या माणसाला विकायला एवढं एक वाक्य पुरतं. मग त्या काळेपणाला शोभेल म्हणून वरून सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. त्याचं बिल हिच्या लग्नातल्या शालूपेक्षा जास्त झालं, हे मला हिनेच सांगितलं, तेही शालूच्या आजच्या किमतीशी तुलना करून. काय सांगू, पण त्या बॉनेटमध्ये मला माझा चेहरा दिसायचा. आरशात दिसतो त्याहून बरा दिसायचा. थोडा रुंद, थोडा सावळा, टक्कल आभाळात मिसळून गेलेलं.

आणि त्या चेहऱ्यावर आता चिलटं.

किडे काढण्याचं शास्त्र मी असं शिकलो की त्यावर व्याख्यान देऊ शकतो आणि दिलंही आहे, लिफ्टमध्ये, सहाव्या मजल्यापर्यंत. किडा आपटला की त्याच्या अंगातला रस रंगावर पसरतो. तो ओला असेतो पाण्याने जातो. पण वर ऊन लागलं की त्यातली प्रथिनं भांड्याला करपलेल्या दुधासारखी धरून बसतात आणि हळूहळू रंगावरचा पारदर्शक थर खायला लागतात. तो थर केसाहूनही पातळ असतो. म्हणून खरवडायचं नाही, घासायचं नाही. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून द्यायचं, किडा भिजू द्यायचा, मग हलक्या हाताने पुसून घ्यायचं. वाटाण्यासारखा भिजवायचा, थोडक्यात. आईला हे सगळं पटलं नाही. ती चिंचेचा कोळ आणि पितांबरीचा डबा घेऊन खाली आली. मी गाडीसमोर आडवा झालो. “अरे, समई बघ कशी निघते,” ती म्हणाली. समईला सिरॅमिक कोटिंग नसतं, हे वाक्य मी आईसमोर बोललो त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

सोसायटीत गाड्या पुसायला एक अण्णा येतो. पहाटे पाचला एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. पहिली गाडी स्वच्छ होते, विसाव्या गाडीला एकोणीस गाड्यांचा प्रसाद मिळतो. माझी अठरावी. मी त्याला मायक्रोफायबरचं फडकं आणून दिलं, तर त्याने ते जपून घरी नेलं. परतून आलेली गाडी बघून तो फक्त म्हणतो, “हुळ, सार.” कानडीत हुळ म्हणजे किडा. वीस वर्षं या गावात राहून जे चाळीसेक कानडी शब्द मला येतात त्यातले निम्मे भाज्यांचे आहेत आणि एक हा.

२०२४ च्या मार्चमध्ये तर कहर झाला. बंगळूरच्या पाणी मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घातली, पाच हजार रुपये दंड. पहिल्या काही दिवसांत बावीस कुटुंबांना दंड झाल्याची बातमी आली. मी त्या बातमीत बावीस गाड्यांचा रंग शोधत होतो. मी नेमका तेव्हाच साताऱ्याहून लग्न आटपून आलो होतो. शेवटी एसीचं ठिबकणारं पाणी तीन दिवस बादलीत साठवलं आणि रात्री साडेअकराला, खाली वाकून, मोबाइलच्या उजेडात एकेक किडा भिजवला. राखणदाराने बॅटरी मारली तेव्हा मी स्पष्टीकरण दिलं ते असं: “एसीचं आहे.” त्याने काय समजायचं ते समजून घेतलं.

आता त्यानंतरच्या ऑक्टोबरची गोष्ट. पावसाची शेवटची सर पडून गेलेली, त्याच वाटेवर शिऱ्याच्या आसपास संध्याकाळ, आणि रस्त्यावर पिवळट चतुरांचा थवा. हो, तेच चतुर, ज्यांना आम्ही लहानपणी हेलिकॉप्टर म्हणायचो. घरी येऊन बघतो तर एक पुढच्या जाळीत अडकलेला, पंखसुद्धा न मोडता. आईच्या चष्म्याच्या काचेइतके स्वच्छ पंख. मी चिमट्याने तो काढला (जाळीवर ओरखडा येऊ नये म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं) आणि काय जात आहे ते शोधायला बसलो. तिथे मी बुडालो.

पँटाला फ्लेव्हेसन्स. बोटाएवढा किडा. मालदीवमध्ये दर ऑक्टोबरात असे चतुर लाखांनी उतरतात. तिथे गोडं पाणी जवळजवळ नाही, म्हणजे त्यांचं तिथे जन्मणं शक्यच नाही. चार्ल्स अँडरसन नावाच्या तिथल्या समुद्रजीवशास्त्रज्ञाला हे खटकत राहिलं. त्याने वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून निघतात, वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात, मालदीवला टेकतात आणि पुढे थेट पूर्व आफ्रिकेत जातात. पावसामागून पाऊस गाठत. जाऊन येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर, आणि हा फेरा एकटा कुणी पुरा करत नाही, चार पिढ्या लागतात. पणजोबा निघतो, पणतू परत येतो. आमच्या घरात मी बंगळूरला आलो त्याला ‘लांब गेला’ म्हणतात.

तो आफ्रिकेला निघाला होता. मी चाललो होतो घरी, एचएसआर लेआउटला.

पण खरी गंमत पुढे आहे. पाण्यावर जगणाऱ्या किड्यांना पाणी आपल्यासारखं दिसत नाही. पाण्यावरून परतणारा उजेड एका विशिष्ट आडव्या तऱ्हेने कंप पावतो आणि ते तो ओळखतात. बुडापेस्टच्या गाबोर होर्वाथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की चकचकीत काळ्या आणि लाल गाड्या अगदी तसाच उजेड परतवतात. किड्याला वाटतं, तळं. पांढऱ्या गाडीला तो तितका फसत नाही. (सगळेच घेतात ती.) मग चतुराची मादी येऊन तुमच्या बॉनेटवर शेपटी टेकवत अंडी घालते. आणि तिथेही न्याय आहे: साओ पाउलोच्या रसायनशास्त्रज्ञांनी २००० साली लिहिलं की तापलेल्या पत्र्यावर त्या अंड्यांपासून गंधकयुक्त आम्ल तयार होतं आणि ते रंगाला आम्लपावसासारखं खातं. तुम्ही तिची पोरं भाजता, ती तुमचं कोटिंग खाते. फिटंफाट.

म्हणजे मी महिन्याला पॉलिश करून, जीव लावून, शालूच्या किमतीत एक खोटं तळं तयार करत होतो.

आणि तेही बंगळूरमध्ये. इथे तळ्याला केरे म्हणतात आणि मराठीत केर कशाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. या गावाने दोन्ही भाषांचा मान राखला. ज्या मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर मी पहिल्यांदा उतरलो ते धर्मांबुधी तळ्यावर उभं आहे. कंठीरवा स्टेडियम संपंगी तळ्यावर. उरलेल्यांपैकी बेळ्ळंदूरच्या तळ्यावरचा फेस रस्त्यावर वाहून आलेला आम्ही पाहिलाय, त्याला आग लागलेलीही पाहिलीय. ज्या चतुराला पाऊस संपायच्या आत थोडंसं साचलेलं पाणी हवं असतं, त्याला हे शहर सहाव्या मजल्यावरून जे दाखवतं ते म्हणजे पार्किंग. चकचकीत, आडवं, शंभर तळ्यांचं.

लहानपणी साताऱ्यात आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचो. मग त्याला खडा उचलायला लावायचा. ज्याचा चतुर मोठा खडा उचलेल तो जिंकला. माझा एकदा जिंकला होता. त्याच्या शेपटीचं पुढे काय झालं ते मी तेव्हा बघितलं नाही. चाळीस वर्षांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, ट्यूबलाइटखाली, बशीतला चतुर बघत मी उभा होतो आणि ही मागून म्हणाली, “बशी जेवणाची आहे.” एवढं म्हणून तीही थांबली. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

बाबांच्या स्कूटरवर मी पुढे उभा राहायचो. तेव्हा गाडीची काच मीच होतो. कृष्णाकाठच्या रस्त्याने संध्याकाळी जायचं म्हणजे तोंड मिटून जायचं, नाहीतर चिलटं थेट घशात. हल्ली त्याच रस्त्याने खिडकी उघडी टाकून, गाणं म्हणत जातो. काही येत नाही तोंडात. डेन्मार्कमध्ये एक माणूस, आंदर्स म्योलर, १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षं त्याच दोन रस्त्यांवर गाडी चालवून काचेवरचे किडे मोजत होता. एका रस्त्यावर ते ऐंशी टक्क्यांनी घटले, दुसऱ्यावर सत्त्याण्णव. किडे मोजले म्हणून त्याला संशोधक म्हणतात. मी ते रात्री साडेअकराला मोजले तर राखणदार बॅटरी मारतो.

तर मी गाडी पुसणं बंद केलं. फक्त काच आणि दिवे. अण्णाला सांगितलं, बॉनेटला हात लावायचा नाही. त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, फडक्याचं कळलं. धूळ बसली की काळी गाडी राखाडी होते, चकाकत नाही, तळं वाटत नाही. माणसालाही त्यात चेहरा दिसत नाही. पहिला आठवडा फार वाईट गेला.

२०२५ च्या फेब्रुवारीत पाणी मंडळाची पुन्हा तीच बंदी, पुन्हा पाच हजार. आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्या धुळकट गाडीचा फोटो टाकला: बघा, पाण्याची जाणीव असलेला रहिवासी. सत्तावीस अंगठे आले. मी चतुरांबद्दल लिहायला घेतलं होतं, अँडरसनपर्यंत आलोही होतो. खोडलं आणि हात जोडलेली खूण टाकली.

त्याच आठवड्यात बॉनेटच्या धुळीत कुणीतरी बोटाने कानडीत मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं. वळणदार, सुंदर अक्षर. ते माझ्या कौतुकाचंच असणार म्हणून मी दोन दिवस पुसलं नाही. ऑफिसला तसाच गेलो, सिग्नलला दोघांनी हसून बघितलं, मीही मान डोलावली. तिसऱ्या दिवशी अण्णाला विचारलं, “एनु इदु?”

अण्णाने बादली खाली ठेवली. “तोळेयिरि,” तो म्हणाला. “धुवो बोलके लिखा, सार.”